चोविसावा गुलाब

“तुमची मुलगी आमच्या घरात द्यायला तुम्हाला भीती नाही वाटत?”

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या ऋताचा. म्हणजे विचारायचा मी, पण बनवला तिने, शाळेच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून. रविवारी तेजसकाकाची होणारी सासू बल्गेरियाहून आमच्या घरी येणार होती आणि तिला हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायची पैज लागली होती. “विचारलास तर मानलं,” ऋता म्हणाली, “नाहीतर सोमवारपासून परत मुकी सई.”

मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझं हेच नाव होतं. मग ‘एका देशाची ओळख’ नावाचा प्रोजेक्ट आला. सगळ्यांनी जपान, फ्रान्स असले देश पळवले. मी काकामुळे बल्गेरिया घेतला आणि वर्गासमोर उभी राहिले ती बाईंनी टेबल वाजवेपर्यंत थांबलेच नाही. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. मम्मी म्हणते, नळाला पाणी येत नाही म्हणून प्लंबर बोलवला आणि पाईपच फुटला.

तर रविवार, एक मार्च. कोपरखैरणे गावातलं आमचं तीन मजली घर सकाळपासून नुसतं गरम झालेलं. कारण आजीने जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, “पोरगी मी बगितली. आता तिच्या आयशीला बगीन, मंग सांगीन.” काकाने पण सांगून ठेवलं होतं. तो जहाजावर इंजिनियर आहे, त्याची होणारी बायको देसी त्याच कंपनीच्या बल्गेरियातल्या वार्णा बंदरातल्या ऑफिसात. आजी ‘हो’ म्हणाली तर देसी बेलापूरच्या ऑफिसात बदली घेणार आणि दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहणार. आजी ‘नाय’ म्हणाली तर काका वार्णालाच नोकरी धरणार. मग दर दिवाळीला व्हिडिओ कॉल. मला व्हिडिओ कॉलवरचा काका नको होता. मला दहावीच्या गणिताला आणि पप्पांपासून वाचवायला खरा काका हवा होता.

पप्पा या लग्नाच्या विरोधात होते. दिघ्याहून आलेली रंजिताआत्या तर त्याहून जास्त, कारण तिने काकासाठी तिच्या नणंदेची मुलगी मनात ठरवून ठेवली होती. मम्मी मनातून देसीच्या बाजूने, पण मम्मीचं मन मम्मी फक्त भांडी घासताना उघडते. राहिली आजी. पुतळाबाई मढवी. तिचं मत हेच आमच्या घराचं मत, बाकी सगळी चर्चा.

“पाहुणा दारात आला की त्यांच्याकडे पाव आणि मीठ देतात,” मी आजीला सकाळी सांगितलं. “पाहुण्याने तुकडा मोडायचा, मिठात बुडवायचा आणि खायचा. आपण तांदळाची भाकरी ठेवू.”

“भाकरी देव. मीठ हातान देवाचा नाय.”

“का?”

“भांडान होतं. माज्या सासऱ्यान जल्मभर मीठ पिकवला, पन कोनाच्या हातावर कवा ठेवला नाय. खाली ठेवाचा, घेनाऱ्यान उचलाचा.”

मम्मीने तोडगा काढला. दाराशी पाट मांडायचा, पाटावर मिठाची वाटी. आजीने वाटी दोनदा सरकवून पाहिली आणि पास केली.

“कंच्या बाजूला हाय हा देस?” तिने विचारलं.

मी लगेच पोळपाटावर पिठाने नकाशा काढला. वर डॅन्यूब नदी, खाली ग्रीस आणि तुर्कस्तान, मधून आडवा बाल्कन डोंगर, उजवीकडे काळा समुद्र.

“काला? आपल्या खारीसारका?” आजी खाडीला खार म्हणते.

“नावाने काळा गं. पाणी निळं आहे.”

“आपल्या खारीला नाव नाय दिला, नुसती काली झाली.”

“आख्ख्या देशात माणसं किती, तर साधारण निम्म्या मुंबईएवढी,” मी जोरात सुटले. “तुर्कांचं राज्य जवळजवळ पाचशे वर्षं होतं, तरी त्यांनी आपली भाषा सोडली नाही. आणि मे महिन्यात चक्क अक्षरांचा सण असतो, सुट्टी असते, मिरवणूक काढतात.”

“अक्षरांची मिरवणूक?” आत्या म्हणाली. “डीजे पण लावत असतील.”

“पाशशे वर्सं परका मानूस उरावर आनि भासा नाय सोडली,” आजी म्हणाली. “खमकी हायत.” आत्याने लगेच कांदा जोरात कापायला घेतला.

शेवटचं मी सगळ्यांना बजावलं. “त्यांच्याकडे मान उलटी चालते. आपण ‘नाही’ला हलवतो तशी आडवी मान म्हणजे ‘हो’. खाली-वर म्हणजे ‘नाही’. त्यामुळे आज मानेवर जाऊ नका, तोंडाने काय बोलतात ते ऐका.”

“लग्न झाल्यावर तसंही मान हलवून काही होत नाही,” मम्मी म्हणाली. भांडी घासत होती.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. देसी हिरव्या पंजाबी ड्रेसमध्ये. तिचं पूर्ण नाव देसिस्लावा, पण घरी देसीच म्हणतात. आमच्या गल्लीला हा विनोद पचायला दोन महिने लागले. तिच्या मागून तिची आई, रुम्याना. उंच, आखूड रुपेरी केस, आणि आमचा जिना चढून आल्यावर सुद्धा धाप नाही. आजीने पहिला मार्क तिथेच दिला, मी पाहिलं.

आता जे झालं त्यात चूक कोणाचीच नव्हती. मीठ पाटावर होतं. भाकरी मात्र आजीच्या हातात होती, कारण आजीने ऐनवेळी ठरवलं की नवीन माणूस उंबऱ्यात आलंय तर भाकरतुकडा ओवाळून टाकायलाच पाहिजे. तिने तुकडा मोडला, रुम्यानाच्या तोंडावरून तीनदा फिरवला आणि बाहेर फेकायला हात मागे नेला. तेवढ्यात रुम्यानाने तो तुकडा अलगद तिच्या बोटांतून घेतला, वाकली, वाटीतल्या मिठात बुडवला आणि खाल्ला. डोळे मिटून, छान चावून.

आजीचा रिकामा हात तसाच हवेत राहिला.

“इडापिडा खाल्ली बाईने,” आत्या हळूच म्हणाली.

काका भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मी देसीला इंग्रजीत कुजबुजून सांगितलं की तो तुकडा जेवणाचा नव्हता, वाईट नजर त्यात गोळा केली होती. तिने आईला बल्गेरियनमध्ये सांगितलं. रुम्यानाने ऐकलं, गिळलं, आणि काहीतरी म्हणाली.

“ती म्हणते, मीठ चांगलं होतं,” देसी म्हणाली.

“चांगला असंलच,” आजी म्हणाली. “पीडा खाल्लीस तर पचीव आता. ये आत.”

मग पप्पांची पाळी. रुम्यानाचं माहेर गुलाबांच्या खोऱ्यातलं आहे, तिथे पहाटे फुलं खुडून अत्तरासाठी तेल काढतात, हे मीच पप्पांना सांगितलं होतं. त्यामुळे विरोध असला तरी इज्जतीचा प्रश्न म्हणून पप्पांनी वाशीहून दोन डझन लालभडक गुलाब आणले होते. ते त्यांनी नगरसेवकाला देतात तसे दोन्ही हातांनी दिले. रुम्यानाने गुच्छ घेतला, ओठ हलवत फुलं मोजली, आणि तिचा चेहरा पडला. अगदी थोडा वेळ. मग ती हसली, पण ते हसू जिना चढून आल्यासारखं दमलेलं होतं.

त्यानंतर तिने पर्समधून लाल-पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे काढले. बल्गेरियात एक मार्चला सगळे एकमेकांच्या मनगटावर हे बांधतात, मार्तेनित्सा म्हणतात. वर्ष चांगलं जावं म्हणून. करकोचा दिसला किंवा झाड फुललेलं दिसलं की सोडायचं आणि झाडाला बांधायचं. आजीने हात सगळ्यात आधी पुढे केला.

“करकोचा नाय दिसला तर?” तिने विचारलं. “खारीवर फ्लेमिंगो येतान. चालतान का?”

देसीने विचारून सांगितलं, पाय लांब असतील तर चालेल. पप्पांनी पण बांधून घेतलं, घड्याळाच्या पट्ट्याखाली लपेल असं.

आता पुढचं आत्याच्या बाजूने सांगते, कारण त्या वेळी हॉलमध्ये फक्त ती होती. बाकी सगळे काकाबरोबर वरचा मजला बघायला गेले होते. आत्या सोफ्यामागे चपला शोधत वाकली होती आणि रुम्याना हात धुवायला म्हणून मागे राहिली होती. आत्याने पाहिलं की रुम्याना गुच्छापाशी गेली, इकडेतिकडे बघितलं, एक गुलाब उपसून काढला आणि पर्समध्ये टाकला. मग बाकीचे नीट करून टीपॉयवर ठेवले.

आत्याला चप्पल सापडली नाही, पण त्याहून भारी गोष्ट सापडली.

“दिलेल्या फुलांतलं एक काढून टाकलं,” तिने किचनमध्ये येऊन पप्पांना सांगितलं. “नको वाटलं म्हणूनच ना? पाकळी डागाळलेली असेल. तिच्या बापाचे मळे आहेत गुलाबांचे, आपली फुलं तिला काय आवडणार.”

पप्पा चिडले की आधी कानाच्या पाळ्या लाल होतात. “मी एकेक बघून घेतलेत. फुलवाल्याशी भांडून.”

“विचारा ना तिला सरळ,” मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाहुण्यांचं वजन विचारायला सांगितलं. आमच्या घरात पाहुण्याला तोंडावर काही विचारत नाहीत. पाहुणा गेल्यावर वीस वर्षं बोलतात.

“जेवण होऊ दे,” पप्पा म्हणाले. “मग आईला मी सांगतो. जे लोक दारात फुलात खोट काढतात, ते उद्या पोरात काढतील.”

मम्मी जिताड्याचं कालवण ढवळत होती. ती म्हणाली, “माझ्या माहेरच्यांनी आणलेल्या साड्यांतली एक पण परत गेली होती. लग्न झालंच ना.” पप्पांच्या कानाच्या पाळ्या आणखी लाल झाल्या. त्यांना ती साडी आठवत होती.

जेवायला सगळे हॉलमध्ये बसले. रुम्याना भाकरी हाताने मोडून कालवणात बुडवत होती, काटे बाजूला अशी काढत होती जशी करंजा-उरणच्या कोळीवाड्यात जन्मली. काळ्या समुद्राकाठी राहते, मासे तिला नवीन नव्हते. आजी बघत होती. मम्मीने दही वाढलं आणि देसी म्हणाली, “आमच्याकडे जेवणात दही नसेल तर आई जेवण झालं असं मानत नाही.” दह्यातल्या एका जंतूला त्यांच्या देशाचंच नाव आहे, हे मी मध्ये घातलं. मम्मीने रुम्यानाला अजून दोन चमचे वाढले. तिचं दही घरात कोणी आजपर्यंत वाखाणलं नव्हतं.

पप्पा मात्र पोलीस चौकशीसारखे सुरू झाले. घर कुठे, स्वतःचं का, देसीचे बाबा काय करतात. देसी सगळं सांगत होती. बाबा जहाजावर, आता ब्राझीलकडे. घर छोटं, बंदर दिसतं.

“आणि तुमच्या आई?”

“लायब्ररीत आहे. मेडिकल युनिव्हर्सिटीच्या.”

पप्पांचा घास हवेत थांबला. “मेडिकल?”

“हो. वार्णाला. तिकडे भारतातली मुलं पण शिकायला येतात.”

आता पप्पांच्या बाजूने सांगते, कारण ते स्वतः कधीच कबूल करणार नाहीत. त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गुलाब गेला, साडी गेली, आत्याच्या नणंदेची मुलगी तर दिघ्याच्याही पलीकडे गेली. तिथे फक्त मी होते, पांढरा कोट घातलेली. माझा नीटचा फाउंडेशन क्लास त्यांनी वाशीला आधीच ठरवला होता, एप्रिलपासून. मला न विचारता, पण मला विचारून आमच्याकडे फक्त जेवायला वाढतात.

“सईला डॉक्टर व्हायचंय,” पप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज तूप लावल्यासारखा झाला. “ॲडमिशन कशी असते तिकडे? घरचं माणूस असलं तर होस्टेलचं टेन्शन नाही ना? रंजिता, यांना जिताड्याचं डोकं वाढ.”

“डोकं मला ठेवलं होतं,” आत्या म्हणाली.

“वाढ गं.”

आत्याने वाढलं. मनुष्य एवढ्या वेगाने एकटा पडताना मी पहिल्यांदा पाहिला.

मी मात्र हातातला घास पानात परत ठेवला. आता गणित असं झालं होतं. पप्पा काकाच्या बाजूने आले होते, पण माझ्यावर बसून आले होते. मी आत्ता म्हटलं असतं की मला डॉक्टर व्हायचं नाही, तर पप्पा उठून पलीकडे गेले असते आणि जाताना गुलाब आजीच्या पानात टाकून गेले असते. गप्प बसले तर काकाचं लग्न होईल आणि मी बेडकांची चिरफाड करत बसेन. मुकी सई परत आली. माझ्या घशात येऊन बसली.

आणि तिला बाहेर काढायला माझ्याजवळ एकच वाक्य तयार होतं, ऋताचं.

“तुमची मुलगी आमच्या घरात द्यायला,” मी रुम्यानाला इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत?”

मग आजीसाठी मराठीत पण म्हटलं, म्हणजे कोणाची सुटका नको. मम्मीच्या हातून डाव पडला. काकाने डोळे मिटले.

देसीने आईला सांगितलं. रुम्यानाने मान आडवी हलवली, डावीकडून उजवीकडे, हळूहळू. आत्या म्हणाली, “नाही म्हणते,” पण मी तोपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती बोलायला लागली होती. देसी एकेक वाक्य इंग्रजीत करत होती, मी मराठीत.

“वाटते. खूप वाटते. इथे उन्हाळ्यात ती आजारी पडेल अशी वाटते. तुमचा जिना अंधारा आहे त्याची वाटते. पण देसीने मला विचारलं नव्हतं. एक दिवस ती घरी आली, कोट पण काढला नाही, आणि म्हणाली, आई, मी विचारत नाहीये, सांगतेय. मी ओरडले. तीन दिवस दार आपटत फिरले. मग मला आठवलं, मी पण गुलाबांच्या खोऱ्यातून बंदरावर लग्न करून गेले तेव्हा माझ्या आईला असंच सांगितलं होतं. आमच्याकडे मुली सांगतात. आया घाबरतात. आणि मग विमानात बसून बघायला येतात.”

आजी पानात बोट फिरवत होती. मग म्हणाली, “माज्या आयशीला कोनी विमानान बसवला नाय. खारीच्या या काठाला मी आली, त्या काठाला ती उबी. मी होरीत बसली, ती होरी दिसत नाय तवर बगत होती.” आणि उठली. मम्मीला म्हणाली, “संध्या, लाडवांचा डबा आन.”

पाहुण्यांबरोबर द्यायला रव्याचे लाडू वळले होते. आजीने डबा मांडीवर घेतला आणि मोजले. बावीस निघाले. तिने एक लाडू उचलून बाजूला ठेवला आणि झाकण लावायला घेतलं.

“एक का काढला?” देसीने मला विचारलं.

“सम आकडा देत नाहीत. शुभ कामाला नेहमी एकवीस, एकावन्न, वर एक. नाहीतर...”

मी पुढचं बोलायच्या आत रुम्याना उठली होती. तिने ते बघितलं होतं: आजीचा हात, एकटा लाडू, झाकण. ती खुदकन हसली, पर्स उघडली आणि तो गुलाब बाहेर काढला. थोडा चुरगळला होता. तिने तो लाडवाशेजारी ठेवला आणि टीपॉयवरच्या गुच्छाकडे बोट दाखवलं.

“चोवीस होते,” देसी म्हणाली. तिचा चेहरा गुलाबासारखाच झाला होता. “आमच्याकडे सम फुलं फक्त मेलेल्या माणसाला देतात. आईला वाटलं, घरात आल्या आल्या कसं सांगायचं, तुमच्या पप्पांना वाईट वाटेल. म्हणून तिने गुपचूप एक काढून तेवीस केले.”

पप्पांनी आत्याकडे बघितलं. आत्याने जिताड्याच्या डोक्याकडे बघितलं.

“म्हंजे केतन, तू पावनीला मयताची फुलं दिलीस,” आजी म्हणाली, “आनि तिनं तुजी लाज झाकली.”

“आई, डझनावर मिळतात ती,” पप्पा म्हणाले.

आजीने तो गुलाब उचलला आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवला. लाडू रुम्यानाच्या हातावर ठेवला. मिठाची गोष्ट वेगळी, लाडू हातावर चालतो. “उंबऱ्यात पीडा खाल्लीस, आता गोड खा,” ती म्हणाली. “सई, सांग तिला. जिन्यात दिवा लावतो. उन्हाल्याचं मी बगते. पोरगी पाठीव.”

मी सांगितलं. देसीने सांगितलं. मग काका, ज्याने जेवायला बसल्यापासून एक शब्द काढला नव्हता, तो आजीच्या पाया पडायला वाकला आणि तिथेच बसून राहिला. रुम्यानाने लाडू अर्धा मोडून आजीला भरवला. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली कांद्यामुळे. कांदा सकाळी चिरला होता.

पाहुणे वाशीच्या हॉटेलवर जायला निघाले, काका त्यांना गाडीने सोडायला गेला. आजी खिडकीत उभी राहिली, गाडी दिसत नाही तोवर. गुलाब अंबाड्यात तसाच. पप्पा सोफ्यावर रेलून मोबाईलवर वार्णाचा नकाशा मोठा करून बघत होते, मम्मी त्यांच्या शेजारी, दही उरलं नाही याच्या आनंदात.

“बघ संध्या, समुद्राला लागूनच आहे कॉलेज,” पप्पा म्हणाले. “सई, एप्रिलपासून क्लास. मग काकीची आई आहेच तिकडे.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. घशात कोणी नव्हतं. मनगटावरचा गोंडा जरा आवळून घेतला.

“पप्पा, मम्मी, मी विचारत नाहीये, सांगतेय,” मी म्हटलं. “मी क्लास लावणार नाही. दहावी झाली की आर्ट्स घेणार, भाषा शिकणार, आणि पहिली बल्गेरियन. आज या घरात मी नसते तर तुम्ही सगळे अजून मयताच्या फुलांवर भांडत बसला असता.”

मम्मीने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी मोबाईल बाजूला ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि न बोलता मान हलवायला लागले, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

“थँक्यू पप्पा,” मी म्हटलं. “आजच्या दिवस तुमची मान मी बल्गेरियन धरतेय.”